मुलाची गोष्ट आपल्यापाशी, आपली पद्धत सगळ्यांपाशी



आज एका अशा विषयावर लिहिते आहे, ज्याबद्दल आपण स्टाफरूममध्ये बोलतो पण लिहीत नाही. शाळेत समुपदेशनाचं काम करणाऱ्या आम्हा लोकांनी एकमेकांशी काय बोलावं, काय द्यावं-घ्यावं आणि काय अजिबात देऊ नये, हा तो विषय. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

मी मूळची मराठीची शिक्षिका. बारा वर्षं वर्गावर शिकवल्यानंतर समुपदेशनाची पदविका केली. आता आमच्या संस्थेच्या दोन माध्यमिक शाळांत समुपदेशक म्हणून काम करते. तीन दिवस एका शाळेत, तीन दिवस दुसऱ्या. दोन्हीकडची मुलं मिळून साडेचौदाशेच्या आसपास. माझी खोली म्हणजे पूर्वी जिथे नकाशे आणि जुने फळे ठेवायचे ती. दार नीट लागत नव्हतं, ते मी स्वतः सुतार बोलावून दुरुस्त करून घेतलं. कारण ज्या खोलीचं दार लागत नाही, त्या खोलीत मूल बोलत नाही.

पण दार लावून घेतलेल्या खोलीतली गोष्ट मी स्वतःच बाहेर नेली, त्याचं काय?

## पहिली चूक

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिने बाही वर केली आणि हातावरच्या खुणा दाखवल्या. मी घाबरले. मुख्याध्यापकांना सांगितलं, घरच्यांना विश्वासात घेतलं, डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था केली. एवढं नीट केलं. पण त्या रात्री मला झोप येईना. आपण बरोबर केलं का, पुढच्या भेटीत काय बोलायचं, काही सुचेना. आमच्या जिल्ह्यातल्या समुपदेशकांचा आणि या विषयात रस असलेल्या शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, दीडेकशे जणांचा. तिथे मी लिहिलं, 'अशी अशी केस आहे, मार्गदर्शन करावे.'

नाव अर्थातच लिहिलं नाही. इयत्ता लिहिली, वडील काय करतात ते लिहिलं, आणि घरात घडलेली एक दुःखद घटना लिहिली. बस, तीनच गोष्टी. त्या तीन गोष्टी मी आज इथेही लिहिणार नाही, आणि बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत.

चार दिवसांनी मुलगी आली. बसली नाही. दारातूनच म्हणाली, "बाई, तुम्ही माझं सांगितलंत ना सगळ्यांना?"

झालं असं होतं की ग्रुपमधल्या एका शिक्षिकेने ते वाचून घरी सहज विषय काढला, तो तिच्या नणंदेने ऐकला, आणि ती नणंद मुलीच्या आत्याची शेजारीण. तालुक्याच्या गावात नावाची गरज नसते. तीन खुणा पुरतात. मी तिची माफी मागितली. "असू दे बाई" एवढंच म्हणाली. पुढे दहावी झाली, शाळा सोडून गेली, पण माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. डॉक्टरांकडे जात होती, त्यामुळे मदत तुटली नाही, हे नशीब. माझं आणि तिचं नातं मात्र तुटलं ते तुटलंच.

## दुसरी चूक

यातून मी धडा घेतला तो चुकीचा. ठरवूनच टाकलं, आता कोणाला काही विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. ग्रुप सोडला. बैठकांना गेले तरी मागच्या बाकावर बसले. याला मी मनातल्या मनात 'गोपनीयता पाळणं' म्हणत होते. खरं तर ती भीती होती.

पुढच्याच वर्षी एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला. रविवारी रात्री पोट दुखायला लागायचं, सोमवारी सकाळी उलटी, आणि शाळेची वेळ टळली की अकराच्या सुमारास पोरगा ठणठणीत. घरचे म्हणायचे नाटक करतो. वडिलांनी दोनदा ओढत आणून सोडला, दोन्ही वेळा तो भिंतीवरून उडी मारून पळाला. मी पुस्तकं चाळली, इंग्रजी लेख वाचले, त्याच्या घरी गेले, गोड बोलले, रागावले. आठ महिने गेले. वर्ष वाया गेलं.

नंतर एका प्रशिक्षणात शेजारच्या तालुक्यातल्या एक समुपदेशक मॅडम जेवताना सहज सांगू लागल्या, की त्यांच्याकडे अशी दोन मुलं परत आली. कशी? आधी डॉक्टरांकडून पोटाची तपासणी, म्हणजे खरंच आजार नाही ना याची खात्री. मग कारणाचा शोध: कोणी त्रास देतं का, वाचता-लिहिताना अडतं का, घरी काही भीती आहे का. आणि मग पायऱ्या. पहिला आठवडा फक्त फाटकापर्यंत, तेही शाळा सुटल्यावर. दुसरा आठवडा ग्रंथालयात अर्धा तास. मग त्याला आवडणाऱ्या विषयाचा एक तास, एका मित्राच्या शेजारी बसून. वर्गात कोणी "अरे, उगवलास का रे!" म्हणायचं नाही, ही शिक्षकांना सक्त ताकीद. मागे पडला तर एकच पायरी खाली यायचं, अगदी तळाला नाही. त्यांनी हे सगळं एका वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं.

ती वही माझ्यापासून बावीस किलोमीटरवर होती. आठ महिने.

माझ्या पहिल्या चुकीने एका मुलीचा विश्वास गेला. दुसऱ्या चुकीने एका मुलाचं वर्ष गेलं. म्हणून आज माझं ठाम मत आहे: आपण चुकीची वस्तू वाटतो आणि वाटायची ती वस्तू दडवून ठेवतो. मुलाची गोष्ट ही मुलाची आहे, ती वाटायचा आपल्याला अधिकार नाही. आपण शोधलेली पद्धत मात्र आपल्या एकट्याची नाही, ती वाटलीच पाहिजे.

## आपण एकटे का पडतो?

गणिताच्या शिक्षकाला शाळेत दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो. निदान विज्ञानाचा तरी भेटतो, ज्याच्याशी चार शब्द बोलता येतात. समुपदेशक मात्र शाळेत एकच. तोही असला तर. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आपल्याकडे हा आकडा सांगितला की लोक हसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात निकाल देताना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षणही सांगितलं आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा शंभराच्या आतल्या आहेत. तिथे समुपदेशक म्हणजे वर्गशिक्षकच. आणि जिथे नेमणुका होतील तिथे नुकती पदवी घेतलेली एखादी मुलगी रिकाम्या कपाटासमोर बसेल. तिच्या हातात पहिल्या दिवशी काय असेल? इंटरनेटवरून छापलेले इंग्रजी तक्ते.

तिच्यासाठी आपण काय तयार ठेवलं आहे, हा माझा प्रश्न आहे.

## वाटण्यासारखं काय काय आहे?

१. मुलांचे शब्द. मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही. सुरुवातीला मी भावनांचा एक तयार तक्ता वापरायचे. गोल गोल चेहरे आणि खाली शब्द: आनंदी, दुःखी, रागावलेला, निराश, चिंताग्रस्त. नववीचा पोरगा कधी म्हणतो का हो, "बाई, मी चिंताग्रस्त आहे"? तो म्हणतो, "टेन्शन आलंय." आणि या एका 'टेन्शन'मध्ये चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात. कोणाचं टेन्शन म्हणजे धास्ती, कोणाचं म्हणजे लाज, कोणाचा गिळलेला राग, तर कोणाला नुसती झोप पुरत नसते.

म्हणून मी एक तास घेते. फळ्यावर लिहिते 'टेन्शन आलं की...' आणि मुलांना चिठ्ठ्यांवर वाक्य पूर्ण करायला सांगते, नाव न घालता. चिठ्ठ्या डब्यात. मग वाचते. 'पोटात खड्डा पडतो', 'जीव खालीवर होतो', 'डोकं आउट होतं', 'हातपाय गार पडतात', 'कोणाशी बोलूच नये वाटतं', 'उगीच भावाला मारतो'. हे शब्द मी लिहून ठेवत गेले. आता माझा तक्ता मुलांच्याच शब्दांचा आहे, आणि मुलं त्यावर पटकन बोट ठेवतात. (चिठ्ठी वाचण्याआधी आपण एकदा नजर टाकावी. अक्षरावरून किंवा मजकुरावरून मूल ओळखू येईल अशी चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही.)

बीडकडच्या एका समुपदेशक सरांनी मला दिलेला एक शब्द तर मी विसरणार नाही. त्यांच्याकडे दसरा-दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात. काही मुलं सोबत जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ही मुलं 'दुःखी आहे' म्हणत नाहीत. ती म्हणतात, "करमत नाही." सर म्हणाले, "मॅडम, 'करमत नाही' म्हटल्यावर 'का' विचारायचं नाही. 'कोणाशिवाय' असं विचारायचं." मी ते माझ्याकडे करून पाहिलं. माझ्याकडे ऊसतोडीची मुलं नाहीत, पण वडील परगावी नोकरीला असलेली आहेत, बहिणीचं लग्न झालेली आहेत, आजोबा गेलेली आहेत. 'कोणाशिवाय?' विचारलं की मूल थांबतं, आणि मग नाव घेतं. बोलणं तिथून सुरू होतं. एका प्रश्नाने. कुठल्या पुस्तकात मिळणार होता मला हा प्रश्न? आणि हा प्रश्न देताना सरांनी एकाही मुलाची ओळख उघड केली नाही, हे लक्षात घ्या.

२. तासांची टाचणं. परीक्षेची भीती, चिडवाचिडवी, मोबाइल, पाळी आणि शरीरातले बदल, नापास झाल्यावर पुढे काय. हे तास आपण सगळेच घेतो आणि प्रत्येक जण शून्यापासून तयारी करतो. चाळीस मिनिटांच्या तासाचं टाचण एका पानात मावतं. त्यात काय चाललं हे हवंच, पण काय फसलं हेही हवं. उदाहरणार्थ, चिडवण्यावर मी एकदा नाटुकलं बसवलं. ज्याला रोज चिडवायचे त्याच मुलाला वर्गाने चिडवला जाणाऱ्याची भूमिका दिली. मला आधी कळलंच नाही. हे मी टाचणाच्या खाली ठळक लिहून ठेवलं आहे: 'भूमिका बाईंनी वाटाव्यात, वर्गावर सोडू नये.'

३. पाठवण्याचे पत्ते. 'तज्ज्ञांकडे पाठवा' असं प्रत्येक पुस्तिकेत असतं. तज्ज्ञ कुठे बसतात ते नसतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात, किशोरवयीन मुलांचं मैत्री क्लिनिक आपल्या भागात कुठे आहे, बाल कल्याण समिती कुठे बसते. ही माहिती प्रत्येक समुपदेशक स्वतः चार फेऱ्या मारून मिळवतो. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आलेली आहे, परीक्षेत सवलती मिळतात. पण दाखला वेळेत हाती पडला तरच. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी पाहते. एका तालुक्याची अशी एक यादी केली आणि दर जूनमध्ये फोन करून तपासली, तर किती जणांची पायपीट वाचेल! त्या यादीच्या वर दोन क्रमांक कायमचे: टेलिमानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८.

४. कागद. पालकांचं संमतिपत्र सोप्या मराठीत, भेटीच्या नोंदीचा नमुना, पालकांना बोलावण्याच्या चिठ्ठीचा मसुदा. शेवटचा कागद साधा वाटतो, पण 'आपल्या पाल्याच्या वर्तनासंदर्भात तात्काळ भेटावे' अशी चिठ्ठी गेली की पोराला त्या रात्री मार बसतो. माझ्या एका मैत्रिणीने मसुदा केला आहे: 'तुमच्या मुलाला मदत कशी करता येईल, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे.' तेव्हापासून मीही तोच वापरते.

## आणि काय वाटायचं नाही?

मुलाची ओळख पटेल असं काहीही, कोणत्याही ग्रुपवर, कधीही नाही. चित्र नाही, निबंधाचा फोटो नाही, चिठ्ठीचा फोटो नाही. अक्षर हीसुद्धा ओळखच आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांबाबत तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ स्पष्ट आहे. चौकशी, तपास किंवा खटल्याबद्दलच्या मजकुरातून नाव, पत्ता, इतकंच काय शाळासुद्धा कळता कामा नये.

मग अडचण आली तर विचारायचंच नाही का? विचारायचं. पण दीडशे जणांना विचारणं वेगळं आणि एका अनुभवी माणसाला विचारणं वेगळं. प्रत्येक समुपदेशकाचं असं एक माणूस हवं, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातलं, ज्याच्याशी फोनवर, लेखी काही न पाठवता, गरजेपुरतंच बोलता येईल. आणि 'मला काही अडलं तर नाव न सांगता मी एका जाणकार व्यक्तीचा सल्ला घेते' हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं. मुलं याला हरकत घेत नाहीत. न सांगता केलं, तर मात्र घेतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण नवीन लोकांचा गोंधळ होतो. गोपनीयता म्हणजे सगळ्यावर कुलूप नव्हे. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर जबाबदार मोठ्यांना सांगावंच लागतं. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोक्सो, म्हणजे २०१२ च्या अधिनियमाच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. 'मी मुलीला वचन दिलं होतं' किंवा 'संस्थेची बदनामी होईल' ही कारणं तिथे चालत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत मुलाला सांगायचं, की कोणत्या गोष्टी मी माझ्यापाशी ठेवीन आणि कोणत्या ठेवू शकणार नाही.

आणखी एक वस्तू वाटू नये: मानसशास्त्रीय चाचण्या. बुद्धिमापनाच्या, व्यक्तिमत्त्वाच्या, कल पाहण्याच्या प्रमाणित चाचण्यांच्या झेरॉक्स आणि उत्तरसूचीसुद्धा फिरताना मी पाहिल्या आहेत. एक तर त्या विकत घेऊन वापरायच्या असतात. आणि प्रश्न एकदा बाहेर फुटले की ती चाचणी कोणाच्याच कामाची राहत नाही. शिवाय प्रशिक्षण नसलेल्या माणसाने काढलेला बुद्ध्यांक मुलाच्या कपाळावर आयुष्यभर चिकटतो.

## आक्षेप ऐकून घेऊ

हे बोलले की तीन प्रकारची उत्तरं येतात.

पहिलं: "तयार साहित्य सगळ्यांना दिलं तर कोणीही उठून समुपदेशन करायला लागेल." ही भीती खोटी नाही. पण खरं सांगा, आजही मूल रडत आलं तर आधी कोणाकडे जातं? वर्गशिक्षकाकडेच ना! तो काहीतरी बोलणारच आहे. मग निदान त्याच्या हातात धड कागद असू दे, आणि त्या कागदाच्या तळाशी लिहिलेलं असू दे, 'इथपर्यंत तुम्ही करा. हे दिसलं की थांबा आणि पुढे पाठवा.' माझ्या मते ही शेवटची ओळ नसलेलं साहित्य वाटूच नये.

दुसरं: "आम्ही मेहनत करायची आणि दुसऱ्याने स्वतःच्या नावाने कार्यशाळा घ्यायच्या!" हेही घडतं. माझं एक टाचण मला वर्षभराने दुसऱ्याच्या नावाने फॉरवर्ड होऊन आलं, खाली त्यांचा फोटोसुद्धा होता. वाईट वाटलं. जे समुपदेशक शाळेच्या पगारावर नाहीत, कार्यशाळांवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी सगळं फुकट वाटावं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पानावर करणाऱ्याचं नाव ठेवायचं, आणि बदल केला तर 'यात मी हा बदल केला' असं लिहून आपलं नाव त्याखाली घालायचं, एवढी रीत तर पाळता येईल.

तिसरं उत्तर संस्थांकडून येतं: "आपल्या शाळेचं साहित्य बाहेर द्यायचं नाही." इथे मात्र माझा नाइलाज होतो. परीक्षेच्या निकालात शाळा-शाळांची स्पर्धा एक वेळ समजू शकते. पण मूल जगावं, शाळेत टिकावं, यात कसली स्पर्धा?

## मग करायचं कसं?

गेली तीन वर्षं आम्ही सात जण महिन्यातून एकदा भेटतो. दोघी समुपदेशक, चार वर्गशिक्षक आणि एक निवृत्त मुख्याध्यापक सर. शनिवारी दुपारी, दीड तास. फोन पिशवीत. नियम चारच:

- प्रत्येकाने एक पान आणायचं. कोणत्या इयत्तेसाठी, किती वेळ लागला, काय केलं, कुठे फसलं, कुठे थांबायचं. बस.
- मुलाबद्दल बोलायचं नाही, अडचणीबद्दल बोलायचं. 'आमच्याकडे एक मुलगी आहे' अशी सुरुवात झाली की सर टेबलावर पेन वाजवतात. मग बोलणारा थांबतो आणि पुन्हा सुरू करतो, 'मूल बोलायचंच बंद झालं तर काय करावं?'
- ऐकलेलं महिनाभरात करून पाहायचं आणि पुढच्या वेळी सांगायचं. नुसतं 'छान आहे' चालत नाही.
- जूनमध्ये पत्त्यांची यादी तपासायची. नावं वाटून घ्यायची, फोन करायचे.

पेन वाजवण्याचा नियम सुरुवातीला सगळ्यांना खटकला. मलाही. पण गंमत म्हणजे, मुलाची कहाणी बाजूला ठेवली की प्रश्न स्पष्ट दिसायला लागतो. कहाणीत आपण हळहळतो, 'अरेरे' म्हणतो आणि वेळ संपतो.

असे भेटण्यासाठी वेगळा निधी लागत नाही, आदेशही लागत नाही. आपली केंद्राची शिक्षण परिषद असतेच. केंद्रप्रमुखांना सांगून त्यातली वीस मिनिटं 'एक पान' यासाठी मागून पाहा. आमच्या शेजारच्या केंद्रात आता सुरू झालं आहे. पहिल्या वेळी फक्त एका शिक्षिकेने पान आणलं होतं. विषय होता, 'मधल्या सुट्टीत एकटं बसणारं मूल'. आता दर वेळी चार-पाच पानं येतात.

## पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, हे सगळं तुमच्याही कामाचं आहे. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना हक्काने विचारा, "माझ्या मुलाने सांगितलेलं कुठे लिहिलं जातं, कोण वाचतं, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येणार नाही. मात्र "तो तुमच्याशी काय बोलला ते सगळं सांगा" असा आग्रह धरू नका. धोक्याचं असेल ते तुम्हाला सांगितलं जाईलच. बाकीचं मूल स्वतः सांगेल, थोडा वेळ द्या. आणि पालकांच्या ग्रुपवर 'अमक्याचा मुलगा समुपदेशकाकडे जातो म्हणे' असं काही आलं, तर ते तिथेच थांबवा. तुमच्या एका "हे इथे नको" मुळे एखाद्या लेकराला शाळेत यायला लाज वाटणार नाही.

शेवटी एवढंच. ती मुलगी दारातून परत गेली, त्या दिवशी माझ्याकडे तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल बसण्याआधी एकदा दाराकडे बघतं. आता मी त्याला सांगू शकते, "बाळा, तू सांगितलेलं ग्रुपवर जाणार नाही. अडलं तर एकाच माणसाला विचारीन, तेही तुझं नाव न घेता. जिवाचा धोका असेल किंवा कोणी तुझ्या शरीराला त्रास दिला असेल तर मात्र मदत आणीन, आणि ती आणण्याआधी तुला सांगेन. तुला कशी मदत करायची, हे मी दुसऱ्या चार बाईंकडून शिकून आले आहे."

पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना पिशवीत एक पान टाका. फसलेल्या तासाचं असलं तरी चालेल. किंबहुना तेच आणा.